वक्ता क्रमांक चार

९ जानेवारी १९९७

ताई,

नमस्कार. गेल्या वर्षात तुमची दोन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही. पाणीपुरवठ्याच्या पंपावर माणसं कमी, घरी मी आणि भिंगरी दोघंच, हे कारण खरं आहे पण पुरेसं नाही. रागवायचं असेल तर रागवा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

तुमच्याकडे एक काम आहे. भिंगरीला सात पूर्ण झाली. परवा शेजारच्या काकू तिला सहज म्हणाल्या, "तुझा आवाज अगदी आईवर गेलाय हं." झालं. पोरगी आरशासमोर उभी राहून स्वतःशीच बोलत बसली. मग माझ्याकडे आली. "बाबा, मला आईचा आवाज ऐकव. मी जुळवून बघते."

आता कुठून ऐकवू? फोटो आहेत पन्नासेक, सगळ्यांत तोंड मिटलेलं. शेवटचे सात महिने ही पाटीवर लिहूनच बोलायची, तेव्हा भिंगरी जेमतेम दोन वर्षांची. तिला पाटीचा खडू आठवतो म्हणते, तोही खरंच आठवतो की माझ्याकडून ऐकलंय देव जाणे.

घरातला टेपरेकॉर्डर तुम्हालाच अभ्यासासाठी वाक्यं बोलून पाठवण्यापुरता चालायचा. बालवाडीत शिकवून आली की ही दार लावून घ्यायची आणि "ताईचं काम आहे, कुणी शिंकायचं नाही" म्हणायची. ती कॅसेट सापडली. दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. कोरी आहे. म्हणजे बोललेली फीत तुमच्याकडे राहिली असणार. पाच वर्षं वाक्यं पाठवत होती, तेव्हा तुमच्याकडे ढिगानं असतील. त्यातली एक द्या. फार नको, पाच मिनिटं पुरे.

तुमचा,
पंपराव

(हे नाव तिनं ठेवलं, तुम्ही चालवलंत. आता मलाही दुसरं सुचत नाही.)

---

२७ जानेवारी १९९७

प्रिय पंपराव,

रागावले होते, पत्र बघून राग उतरला. भिंगरी आरशासमोर बोलते हे वाचून हसले आणि मग बराच वेळ काही काम सुचलं नाही.

फितींचं बघते. आमची आवाजांची प्रयोगशाळा दोन वर्षांपूर्वी तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर आली. अर्ध्या पेट्या अजून दोरी बांधलेल्याच आहेत. थोडा धीर धरा.

तोवर भिंगरीसाठी एक गंमत पाठवतेय. हा तिच्या आईच्या एका वाक्याचा नकाशा. आमचं जुनं यंत्र आवाज ऐकून कागद जाळायचं. रूळ गरगर फिरायचा, सुई ठिणग्या टाकायची, आणि खोलीभर करपल्याचा वास सुटायचा. एका कागदावर अडीच सेकंद बोलणं बसतं, त्यापुढे एक अक्षर नाही. डावीकडून उजवीकडे वेळ जातो. खाली जाड आवाज, वर बारीक. जिथे जोर तिथे काळं. आडव्या काळ्या पट्ट्या दिसतात ते स्वर. मध्येच कोरी फट आणि तिच्यापाठोपाठ बारीक उभी रेघ असेल तर समजायचं की ओठ किंवा जीभ क्षणभर बंद झाली आणि सुटली. वरच्या कोपऱ्यात राखेसारखं पसरलंय तो "स".

मुलांना मी हेच शिकवते. दर गुरुवारी फळ्यावर एक नकाशा लावायचा आणि त्यातलं वाक्य नुसतं बघून वाचायचं. ऐकायचं अजिबात नाही. ऐकून कुणालाही कळतं, त्याला विद्यापीठात कशाला यायला हवं? मुलं मागे मला "बहिरी बाई" म्हणतात. म्हणोत बापडी.

या कागदावरचं वाक्य आहे: "सशाने टोपी घातली." सुरुवातीला मी तिला वाक्यांच्या नीरस याद्या पाठवायचे. दोन महिन्यांत कंटाळली आणि स्वतःच रचायला लागली. बालवाडीच्या बाईला हे सांगावं लागत नाही.

भिंगरीला पापा.

ताई

---

१५ फेब्रुवारी १९९७

ताई,

नकाशा पोचला. भिंगरीला तो कुंपण वाटला. तिनं मागे हिरव्या खडूनं शेळी काढली आणि भिंतीला चिकटवला. मी तिला तुमच्यासारखं समजावलं: हा "स", ही पट्टी, ही फट. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण हे बोलतं कधी?"

तेच विचारायला लिहितोय. पेट्या उघडल्या का?

ताई, उगाच घाई करायचा माझा स्वभाव नाही. पण ही रोज शाळेतून आली की पोस्टमन आला का विचारते. वर्गातल्या दोन मुलींना सांगूनही बसलीय की माझ्या आईचा आवाज येणार आहे. मी कुठल्या तोंडानं म्हणू की पेट्यांना दोरी बांधलेली आहे?

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मला चार दिवस रजा मिळतेय. मी येतो. तुम्हाला त्रास नको. पेट्या मी उघडेन, मी उचलेन, मीच परत बांधेन. माझ्या हाताला वजनाची सवय आहे.

पंपराव

---

२४ फेब्रुवारी १९९७

प्रिय पंपराव,

एवढ्यात येऊ नका. मार्चमध्ये इथे रंगकाम आहे, परीक्षा आहेत, आणि मलाही चार दिवस बाहेरगावी व्याख्यानं आहेत. भेट व्हायची नाही, फुकट हेलपाटा पडेल.

फितींचं माझ्या लक्षात आहे. मी कळवते.

ताई

---

२० मार्च १९९७

ताई,

मी येऊन गेलो.

तुमच्या इमारतीत रंगाचा वास नव्हता. तिसऱ्या मजल्यावर एकही पेटी बांधलेली नव्हती, सगळ्या खणांना तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. तुमच्या टेबलावर चहाचा अर्धा कप होता आणि त्याला अजून हात लावला तर कोमट लागत होता. कुठे लपला होतात? ग्रंथालयात?

तुमची ती जाड भिंगांची विद्यार्थिनी होती, जिला सगळे चष्मिस म्हणतात. बिचारीला काही माहीत नव्हतं. मी नातं सांगितलं नाही, "सशाने टोपी घातली" म्हणणाऱ्या बाईंची फीत मागितली. ती म्हणाली, "फिती मॅडम ठेवत नाहीत. पूर्वी मुलांनी चोरून ऐकल्या होत्या म्हणे. नकाशा काढला की मॅडम स्वतः फीत पुसतात आणि कोरी करून परत पाठवतात. वक्ता चारच्या तर सगळ्या पुसल्यात."

वक्ता चार. मला दोन क्षण कळलंच नाही ती कुणाबद्दल बोलतेय.

मग तिनं काय विचारलं माहीत आहे? "वक्ता चार आता का बोलत नाहीत? आम्हाला त्यांचा 'स' फार आवडतो." मी जिन्यात येऊन बसलो.

मला वाटत होतं तुम्हाला तो आवाज एकटीलाच हवाय, म्हणून टाळाटाळ चाललीय. त्याचा राग आला होता, पण तो राग परवडला. हे त्याहून वाईट आहे. तुमच्याकडे काही नाहीच. जानेवारीत एका ओळीत "नाही" लिहिलं असतंत तर मी पोरीला त्याच दिवशी सांगितलं असतं, रडली असती, विसरली असती. तुम्ही तिला अडीच महिने पोस्टमनची वाट बघायला लावलीत.

निदान ते कागद तरी पाठवा. सगळे. तुमच्या वर्गाला दुसरं कुणीतरी बोलायला मिळेल.

मी सही करत नाही. कुणाचं पत्र आहे ते तुम्हाला कळेल.

---

६ एप्रिल १९९७

पंपराव,

ग्रंथालयात नव्हते. समोरच्या खोलीत होते, दाराच्या काचेतून तुम्हाला बघत होते. तुम्ही जिन्यात बसलात तेही बघितलं. बाहेर यायला पाय उचलला नाही. भ्याड आहे मी, दुसरं काही नाही.

चष्मिस खरं बोलली. फीत पुसायचा नियम मीच घातला आणि इतरांना पाळायला लावण्याआधी स्वतः पाळला. मला वाटायचं, खरी वस्तू कागद आहे. आवाज काय, हवेत निघून जातो, कागदावर तो कायमचा बसतो. धाकटीची कॅसेट आली की मी नकाशे काढायची, एकदा तपासायची, आणि चुंबकाखाली धरून कोरी करायची. दोनच कॅसेट होत्या आमच्यात, एक यायची आणि एक जायची. पाच वर्षं. एकशे त्रेचाळीस नकाशे. म्हणजे सहा मिनिटंही नाहीत, आणि तीही मुकी.

ती गेल्यावर पहिल्यांदा मी खण उघडला तो फीत शोधायला. मलाच माहीत होतं की नाही, तरी शोधली.

कागद पाठवायचे तर तुम्ही सगळे मागितलेत, म्हणून दुसरी गोष्ट सांगणं भाग आहे. फितींसाठी मी तुम्हाला टाळलं नाही. शेवटच्या अकरा कागदांसाठी टाळलं. ते तुमच्या हातात पडू नयेत एवढीच माझी धडपड होती.

निरोगी आवाजाच्या नकाशात, स्वराच्या पट्टीत उभ्या बारीक रेघा असतात, कंगव्याच्या दातांसारख्या सारख्या अंतरावर. गळ्यातल्या दोन पडद्या एकदा मिटल्या की एक रेघ. भिंगरी वर्षाची झाली त्या सुमाराला धाकटीच्या रेघा बिघडायला लागल्या. एक जवळ, एक लांब, मध्ये धूळ. मला ते पहिल्याच कागदावर दिसलं. मी फोन केला, "घसा बसलाय का गं?" ती म्हणाली, "चाळीस पोरांवर ओरडून तुझा बसतो का बघ एकदा." आणि मी हसले.

पंपराव, मला आनंद झाला होता. बिघडलेल्या आवाजाचा इतका स्वच्छ नमुना माझ्याकडे नव्हता. मी तिला पत्र लिहिलं की एवढ्यात औषध घेऊ नकोस, असा घसा मला कुठे मिळणार, आणखी दहा वाक्यं पाठव. ते पत्र तुमच्या घरात कुठेतरी असेल. तिनं दहा पाठवली. त्यातला एक नकाशा मी परीक्षेत दिला. प्रश्न होता: वाक्य वाचा आणि वक्त्याच्या आवाजाबद्दल निरीक्षण नोंदवा.

एका मुलानं सगळं बरोबर लिहिलं. खाली त्यानं आणखी एक ओळ लिहिली होती: "एक पडदी नीट हलत नसावी. वक्त्याने डॉक्टरांना दाखवावे." मी ती ओळ लाल पेन्सिलीनं खोडली. समासात लिहिलं, "विचारलं तेवढंच लिहा." आणि अर्धा गुण कापला.

तो पेपर माझ्याकडे आहे. त्यावर तारीख आहे. तुमच्या डॉक्टरांना गाठ सापडली त्याच्या नऊ महिने आधीची. ते तुम्हाला काय म्हणाले होते ते तुम्हीच मला सांगितलंत, सहा महिने आधी आला असतात तर.

जन्मभर मुलांना बघायला शिकवलं. माझ्या बहिणीचं मरण माझ्या टेबलावर अकरा कागदांवर पसरलेलं होतं आणि मी त्यावर "उत्तम" असं लिहिलं.

सगळे कागद पाठवतेय. ते अकराही. परीक्षेचा पेपरही. भिंगरीला माझ्याकडे कधी पाठवू नये असं तुम्हाला वाटलं तर मी समजेन. पण तसं होऊ नये म्हणूनच मी खोटं बोलले.

ताई

---

१३ जुलै १९९७

ताई,

तीन महिने झाले. पहिला महिना तुमचं पत्र खिशात घेऊन फिरलो. दुसऱ्या महिन्यात तीन वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. एकात तुम्हाला खुनी म्हटलं होतं. हे सांगून टाकतो, मनात ठेवून उपयोग नाही.

मग जूनमध्ये पंपावर एक गोष्ट झाली. नवीन माणूस कामाला आलाय, त्याला मी तीन नंबरच्या पंपाजवळ नेलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला लावायचं, मूठ कानाला, आणि ऐकायचं. बेअरिंग जायला लागलं की आत वाळू चावल्यासारखं होतं. मी ऐकलं, म्हटलं, "महिन्याभरात जाईल हे, आताच उघडू." उघडलं तर गोळ्यांना खड्डे पडलेले. तो नवीन माणूस म्हणाला, "साहेब, तुमच्या कानाला मानलं."

माझ्या कानाला मानलं. ताई, हिच्या नरड्यात तेच वाजत होतं. वर्षभर. मी तिच्यापासून दोन हातांवर बसून जेवायचो. सकाळी ती हाक मारायची तेव्हा पहिलं अक्षर निघायचंच नाही, दुसऱ्यापासून आवाज यायचा. मला माहीत आहे मी काय म्हणायचो. मी म्हणायचो, "तुझा आवाज हल्ली असा जाडा झालाय ना, मला आवडतो." ती लाजायची. पुढे ती मुद्दाम तशी बोलायची की तिला तसंच बोलता यायचं, मला माहीत नाही.

म्हणून तुम्हाला काय बोलू? तुम्ही लांबून कागद बघितलेत. मी शेजारी होतो.

तुमचं ते पत्र सापडलं, औषध घेऊ नकोस म्हणणारं. तिनं मागे पेन्सिलीनं पुढच्या वाक्यांची यादी केली होती. हसत हसत केली असणार, अक्षरावरून कळतं. मी ते फाडलं नाही. तुम्हीही तो पेपर फाडू नका म्हणतो, परत पाठवतोय. माझ्या घरात नको.

आता कामाचं. भिंगरीला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती पोस्टमनचं विचारायची थांबली आहे, ते विचारण्यापेक्षा जास्त लागतं. त्या दिवशी चष्मिस जाता जाता म्हणाली होती की आता संगणकावर उलटं करता येतं, कागदावरून आवाज. तेव्हा मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. तिला विचाराल? नकाशेही सगळे परत पाठवतोय. जमलं तर एक वाक्य. एवढं करा.

पंपराव

---

२ सप्टेंबर १९९७

प्रिय पंपराव,

तुमचं पत्र आल्यापासून चष्मिस आणि मी दुसरं काही केलं नाही. तिला मी सगळं सांगितलं. वक्ता चार कोण ते ऐकून तिनं चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि "मॅडम, निदान आधी सांगायचं" एवढंच म्हणाली. मग कामाला लागली. एकेक कागद काचेवर ठेवून संगणकात घ्यायचा, डाग आणि माझ्या लाल खुणा साफ करायच्या, मग यंत्राला सांगायचं की इथे काळं आहे तिथे वाज.

एकोणीस वाक्यं जमली. सोबतच्या कॅसेटवर आहेत. अकरांतलं एकही घेतलेलं नाही.

पण आता नीट वाचा. हा तिचा आवाज नाही. कागदावर काय बोललं ते राहतं, किती वेळात बोललं ते राहतं, कुठे श्वास घेतला तेही. कोण बोललं त्यातलं फार थोडं राहतं. चष्मिसनं पहिलं वाक्य वाजवलं तेव्हा मी ओळखलं ते शब्दांवरून. डब्यात तोंड घालून कुणीतरी परकं माणूस बोलतंय असं वाटतं. बाई आहे की पुरुष तेही धड कळत नाही. घाई तिचीच आहे, "टोपी"वरचा तो ठसकाही तिचाच आहे, आणि ती मात्र आत नाही. मी ऐकून बाहेर गेले आणि संडासात जाऊन रडले, तीस वर्षांत नोकरीच्या जागी पहिल्यांदा.

सातवं वाक्य आहे, "भिंगरी, इकडे बघ." ते यादीत नव्हतं. ती बोलत असताना पोरगी मध्येच रांगत आली असावी आणि फीत चालू राहिली. मी तेव्हा त्याचाही नकाशा काढला, कारण त्यात "भ" छान आला होता.

आधी तुम्ही एकट्यानं ऐका. वाईट वाटलं तर कॅसेट फेकून द्या आणि पोरीला सांगा की मावशीकडे नव्हती. दोष माझ्यावर घाला. तो तसाही माझाच आहे.

ताई

---

२१ सप्टेंबर १९९७

ताई,

कॅसेट दुपारच्या पाळीत पंपावरच ऐकली. एक वाक्य ऐकलं आणि बंद केली. तुम्ही लिहिलं होतं त्याहून परकं आहे. ठरवलं की भिंगरीला द्यायची नाही. मग वाटलं, खोटं पुरे झालं. खरं सांगू, की हा यंत्रानं कागदावरून केलेला आवाज आहे, आईचा नाही, पण शब्द आईचे आहेत. वाक्य मनात पाठ करून घरी आलो.

रविवारी सकाळी तिला समोर बसवलं. तिनं विचारलं, "आईचा आलाय?" मी पाठ केलेलं बोलायला लागलो, तोवर तिनं बटण दाबलंच होतं.

दोन्ही हात टेपरेकॉर्डरवर ठेवून ऐकत होती. सातव्या वाक्याला तिनं मान वर केली आणि बघितलं. माझ्याकडे नाही, दाराकडे. मग हळूच "हं" म्हणाली.

संपल्यावर मला विचारलं, "आई अशी बोलायची?"

मी "हो" म्हटलं.

काय करणार होतो? तुम्ही असतात तर तुम्हीही तेच म्हटलं असतंत. आता ती रोज शाळेतून आली की लावते. एकोणीसच्या एकोणीस तोंडपाठ आहेत. वर्गातल्या त्या दोन मुलींना घरी आणून ऐकवलं. त्या म्हणाल्या, तुझी आई वेगळीच बोलते. ही म्हणाली, "ती तशीच आहे." आरशासमोर उभी राहून तसंच सपाट, डब्यातल्यासारखं बोलायचा सराव करते आणि मला विचारते, जुळतोय का. मी जुळतोय म्हणतो.

माझ्या कानात हिचा खरा होता, ताई. आत्तापर्यंत होता. सकाळची ती अर्धी हाक, बसलेला असेना का, पण हिचा होता. गेल्या आठवड्यात पाणी तापवताना ती हाक आठवायला गेलो तर आधी कॅसेटवालाच आला. रोज थोडा थोडा तो खऱ्यावर चढतोय. बंद कर म्हणायला तोंड होत नाही. पोरीकडे आई म्हणून तेवढंच आहे.

तो खरा नाही हे इथे मला एकट्याला माहीत आहे. तिकडे तुम्हाला. आणखी काही दिवसांनी मला खात्रीनं सांगता येणार नाही, मग तुम्ही एकट्याच.

मी तुमच्यावर रागावलेला नाही. असतो, अधूनमधून, पण तो माझ्यावरच्या रागात मिसळून जातो आणि वेगळा काढता येत नाही. सुट्टीत इकडे या. भिंगरी वाट बघतेय, मावशीनं आईचा आवाज पाठवला म्हणून तुम्ही आता तिच्या फार लाडक्या आहात. तुम्ही आलात की ती दारातच तुम्हाला तो आवाज काढून दाखवणार आहे. रोज सराव चाललाय.

तिला काही सांगू नका. "अगदी तशीच," म्हणा.

पंपराव